कादंबरीतले पुणे आणि कागदांतले पुणे

जुन्या पुण्यावरच्या कादंबऱ्या आणि इतिहासग्रंथ वाचताना पडणारे प्रश्न वाचकांनी कळवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत आणि लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

सांगलीचे एक निवृत्त शिक्षक लिहितात : रणजित देसाई यांची ‘स्वामी’ मी आजवर तीन वेळा वाचली आणि तिन्ही वेळा थेऊरच्या प्रसंगापाशी डोळे भरून आले. माझा नातू इतिहास विषय घेऊन पदवीचा अभ्यास करीत आहे. तो म्हणतो, “आजोबा, कादंबरी वाचून माधवराव कळत नाहीत.” मी आता कादंबऱ्या बाजूला ठेवून केवळ इतिहास वाचावा का? आणि सुरुवात कुठून करावी?

कादंबरी बाजूला ठेवू नका, पण नातवाचे म्हणणेही उडवून लावू नका. १९६२ साली आलेल्या आणि १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीने मराठी वाचकांच्या मनात माधवराव पेशव्यांची जी मूर्ती बसवली, ती कोणत्याही इतिहासग्रंथाला बसवता आली नव्हती. सोळाव्या वर्षी, म्हणजे १७६१ मध्ये, पानिपतच्या घावातून न सावरलेल्या राज्याची वस्त्रे अंगावर आलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने जातो, ही हकीकत इतिहासात चार ओळींत संपते. त्या चार ओळींत किती दुःख मावलेले आहे, ते आपल्याला कादंबरीने दाखवले. हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करण्यात अभ्यासकालाही कमीपणा वाटू नये.

मात्र ‘स्वामी’ चौथ्यांदा हाती घ्याल तेव्हा एक पेन्सिल जवळ ठेवा. प्रत्येक प्रसंगापाशी थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे लेखकाला कसे कळले असेल? १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला निजामाच्या फौजेचा पराभव झाला, माधवरावांचे अखेरचे दिवस थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात गेले, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि रमाबाई सती गेल्या, या गोष्टींना आधार आहे. त्यांच्या शेजारी समासात उभी रेघ ओढा. पण बंद दालनात नवरा-बायको एकमेकांशी जे बोलले, ते कोणत्याही कारकुनाने टिपून ठेवलेले नाही. तिथे एक ठिपका द्या. माझ्या प्रतीत अशा रेघा आणि ठिपके आहेत आणि मला रडवणाऱ्या बहुतेक जागांवर ठिपका आहे. म्हणून त्या जागा खोट्या ठरत नाहीत. त्या कादंबरीकाराच्या आहेत, एवढेच लक्षात ठेवायचे. घोटाळा होतो तो आपण कादंबरीतला संवाद व्याख्यानात किंवा वर्गात ‘माधवराव म्हणाले होते’ अशा शब्दांत सांगू लागतो तेव्हा. आपण शिक्षक होता, म्हणून हे थोडे आग्रहाने लिहितो आहे.

इतिहासाची सुरुवात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’पासून करा. सगळे खंड एका दमात वाचायला घेऊ नका, नाहीतर दुसऱ्या महिन्यात ते कपाटात जातील. फक्त माधवरावांचा भाग काढा. त्यानंतर, ग्रंथालयात मिळाल्यास, सरदेसाई यांनीच संपादित केलेल्या ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ या मालेतला एखादा खंड चाळा. १९३० ते १९३४ या काळात या मालेचे ४५ खंड निघाले. या पत्रांत तेजस्वी उद्गार फार थोडे भेटतात. फौजेचा मुक्काम, वैरण, थकलेली देणी, सावकाराचा तगादा, कोणाचे दुखणे आणि पावसाची हूल यांनी पत्रे भरलेली असतात. माधवरावांनी मृत्यूपूर्वी मागे ठेवलेल्या यादीतही कर्ज फेडण्याची चिंता आहे. थेऊरच्या प्रसंगात आपले डोळे भरून येतात ते रमाबाईंसाठी. त्या यादीतले कर्जाचे कलम वाचल्यावर, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या तरुण माणसासाठीही ते भरून येतील.

आणखी एक गोष्ट. राक्षसभुवनच्या विजयाआधी काही महिने, त्याच १७६३ साली, निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. दरबाराच्या बाजूने पाहिले तर ही मोहिमेतली एक घटना आहे. कसब्यातल्या तांबटाच्या किंवा कोष्ट्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे वर्ष होते. शहराचा इतिहास वाचायचा असेल तर ही दुसरी बाजू आपण होऊन शोधावी लागते, कारण कथा नेहमी पेशव्यांच्या घोड्यामागून चालते.

नागपूरचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी विचारतो : आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, ही गोष्ट खरी आहे का? प्रत्येक पुस्तकात ती सापडते, पण पुरावा कोणीच देत नाही.

तुमचा प्रश्न मला अतिशय आवडला, कारण पुण्याच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ही सर्वांत कमी तपासलेली गोष्टही आहे. आधी निर्विवाद भाग पाहू. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे यांना ठार केले. सुमेरसिंग हा त्या गारद्यांचा म्होरक्या होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांना दोषी ठरवले आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे, असे त्यांच्या तोंडावर सांगितले. इथपर्यंत जमीन घट्ट आहे.

आता ‘ध’चा ‘मा’. ही हकीकत ग्रंथात येते ती ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात. हा इंग्रज सरकारचा साताऱ्यातला अधिकारी होता आणि त्याचा ग्रंथ १८२६ साली, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्याचा मजकूर नीट वाचलात तर त्यात दोन वेगळी विधाने आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. एक असे, की रामशास्त्रींना पुढे रघुनाथरावांच्या आज्ञेचा मूळ कागद मिळाला आणि त्यात ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ केलेले आढळले. दुसरे असे, की हा बदल रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई हिने केला अशी सार्वत्रिक समजूत आहे. पहिल्या विधानात एक कागद आहे. दुसऱ्यात फक्त समजूत आहे, आणि ती समजूत आहे हे ग्रँट डफने स्वतः लिहिले आहे. पुढच्या दीडशे वर्षांत कादंबऱ्या, नाटके, कीर्तने आणि शालेय धडे यांतून ही दोन विधाने एकमेकांत मिसळली आणि ‘समजूत आहे’ हे शब्द वाटेतच गळून पडले. तो मूळ कागदही आज अभ्यासकांसमोर नाही.

म्हणून माझे उत्तर असे आहे : नारायणरावांना धरण्याच्या कटात रघुनाथराव होते, याला आधार आहे. आज्ञेत अक्षर बदलले गेले, हे खुनानंतर अर्धशतकाने नोंदवलेले कथन आहे. आणि ते आनंदीबाईने बदलले, ही एका स्त्रीवर बसलेली समजूत आहे. ती खोटी असेलच असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या बाईच्या हातात तो कागद होता हे कोणी पाहिले असल्याची साक्ष आपल्यासमोर नाही, तिचे नाव अडीचशे वर्षे एका म्हणीला जखडून ठेवताना आपला हात जरा तरी थांबला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

याच प्रसंगात एक नाव आहे, ते तुमच्या वहीत अवश्य लिहून ठेवा. नारायणराव धावत जाऊन चुलत्यांना बिलगले, हे ग्रँट डफच्या हकीकतीतही आहे, आणि ‘काका, मला वाचवा’ हे शब्द आपल्या प्रत्येकाच्या कानात आहेत. पण त्या वेळी चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबरच कापला गेला. शनिवारवाड्यात रात्री ऐकू येते म्हणतात त्या हाकेची गोष्ट मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली. चापाजीचे नाव मात्र मला तिशी उलटल्यावर, तेही इतिहासाच्या ग्रंथात, भेटले.

सोलापूरहून एक वाचक : ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक पाहिले. असा माणूस खरोखर होता का, की सगळे रचलेले आहे?

माणूस खरा होता. घाशीराम सावळदास हा १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता. कोठडीत डांबलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर शहर खवळले आणि १७९१ साली जमावाने दगडांनी ठेचून त्याचा जीव घेतला. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर एक पुस्तक लिहिले. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले आणि आपले नाटक ऐतिहासिक नाही, हे त्यांनीच स्पष्ट केले होते. घाशीराम आपली लेक नाना फडणविसांना देऊन कोतवाली मिळवतो, हा नाटकाचा कणा असलेला प्रसंग नाटककाराचा आहे, कागदांतला नाही. त्यामुळे या नाटकावरून नाना फडणविसांचे चरित्र ठरवू नये. मात्र कोतवालीसारखी सत्ता कशी दिली जाते आणि कोणाच्या सोयीसाठी काढून घेतली जाते, हे समजून घ्यायला त्याच्याइतके प्रभावी नाटक मराठीत मला दुसरे माहीत नाही.

लातूर जिल्ह्यातील एक शिक्षिका लिहितात : पुण्यावर काहीही वाचायला घेतले की वाडा, पेशवे, कारभारी आणि त्यांच्या पत्नी. शहर तेवढ्यांचेच होते का? आमच्या माणसांचे पुणे मला कुठे वाचायला मिळेल?

आपले पत्र मी दोनदा वाचले. या सदरात येणाऱ्या शिफारशीही बहुतेक वेळा वाड्याच्या दिंडी दरवाजातूनच आत जातात, ही उणीव माझी आहे आणि आपल्या पत्रामुळे ती मला लख्ख दिसली.

आपण सुरुवात एका लहानशा निबंधापासून करा. १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. मुक्ता जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती. निबंध काही पानांचाच आहे, पण पुण्यावरच्या वाचनाची सगळी मांडणी तो हलवून टाकतो. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून एखादा मांग किंवा महार गेला तर त्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि शिराचा चेंडू करून खेळत असत, असे ती लिहिते. ती गुलटेकडीचे नाव घेते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आज जिथे मार्केट यार्डात पहाटे भाजीचे ट्रक रिकामे होतात, त्या भागाचे हे नाव. ‘पूर्वी कुठेतरी अन्याय होत असे’ असे म्हणून तिला थांबता आले असते, पण तिने जागा दाखवली आहे. पुढे ती आपल्या बायकांना उघड्यावर, थंडीपावसात बाळंत व्हावे लागते त्याविषयी लिहिते आणि वेद वाचण्याचा अधिकार नसलेल्या आम्हाला धर्म कोणता, हे देवालाच विचारते.

इथे कोणीतरी म्हणेल की मुक्ता पेशवाई संपल्यानंतर जन्मली, तिने हे डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते बरोबर आहे. वर नागपूरच्या विद्यार्थ्याला जो नियम सांगितला तो इथेही लागू केला पाहिजे : बाजीरावाच्या काळाविषयी ती जे सांगते ती तिच्या समाजाची आठवण आहे आणि स्वतःच्या काळाविषयी सांगते ती प्रत्यक्ष साक्ष आहे. पण ग्रँट डफनेही अर्धशतकापूर्वीच्या खुनाची समजूतच नोंदवली होती आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवत आलो. मग पेशवाई संपून अडतीस वर्षेही झाली नसताना लिहिलेली एका मांग मुलीची नोंद किती अभ्यासक्रमांत होती? मापे एकच हवीत.

त्यानंतर ना. गो. चापेकर यांचे ‘पेशवाईच्या सावलींत’ हे १९३७ सालचे पुस्तक मिळवा. त्यात कथा नाही, आणि पहिली वीस पाने कोरडी वाटतील. जुन्या हिशेबी कागदांतून त्या काळातले भाव, पगार, दानधर्म, खरेदी-विक्री यांच्या नोंदी वेचून चापेकरांनी समाजाचे चित्र उभे केले आहे. ज्यांना स्वतः लिहिता आले नाही आणि ज्यांच्यावर कोणी बखर लिहिली नाही, ती माणसे हिशेबात मात्र सापडतात, कारण त्यांना काही द्यावे लागले किंवा त्यांच्याकडून काही घेतले गेले. त्या काळात कुणबिणी, म्हणजे दासी, विकल्या आणि विकत घेतल्या जात, हे आपल्याला कळते ते अशा नोंदींतून. एखाद्या कुणबिणीचे नाव आणि त्यापुढे रुपयांचा आकडा एकाच ओळीत वाचल्यावर, तिच्या मालकाच्या वाड्याच्या वर्णनातली हंड्याझुंबरे पुन्हा पहिल्यासारखी दिसत नाहीत.

आपण शिक्षिका आहात म्हणून एक विनंती. मुक्ताचा निबंध आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. तो तिच्याच वयाच्या मुलीने लिहिला आहे, हे वाचन संपल्यावर सांगा.

नाशिकच्या एक गृहिणी लिहितात : मी आणि माझी मुलगी दर महिन्याला एक पुस्तक बरोबर वाचतो. पेशवाई पुरे झाली. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातल्या बायकांविषयी काही सुचवाल का?

एक जोडी सुचवतो : हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. पहिली कादंबरी १८९० पासून आपट्यांच्याच ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली आणि दुसरे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. कादंबरीतली यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते, पण तिला बोलते करणारा पुरुष आहे. रमाबाई खरोखरच स्वतःविषयी लिहीत आहेत, पण त्यांच्या पुस्तकाच्या मध्यभागी पती न्यायमूर्ती रानडे आहेत. दोघींपैकी अधिक मोकळेपणाने कोण बोलते, हा प्रश्न मनात ठेवून दोन्ही पुस्तके वाचा. मला मिळालेले उत्तर मी मुद्दाम सांगत नाही, कारण ते दर वाचनात बदलत आले आहे.

१८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन रानड्यांच्या घरी आल्या. रात्री पती शिकवायला बसत आणि दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या शिकण्यावरून टोमणे मारत. पुढे एका जाहीर सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून वाचन केले, तेव्हाही घरी परतल्यावर त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. एकाच घराच्या माडीवर एक शतक आणि माजघरात दुसरे शतक नांदत होते. रमाबाईंनी सासरच्या त्या बायकांना दुष्ट म्हणून रंगवलेले नाही, हे मला त्यांच्या लेखनातले सर्वांत मोठे वाटते. यमूच्या गोष्टीत शंकरमामंजी आहेत आणि त्यांचा राग यावा असेच ते लिहिले आहेत. रमाबाईंच्या आठवणींत राग धरावा असे माणूस सहजासहजी सापडत नाही, आणि तरी गुदमरल्यासारखे होते. आपल्या मुलीला हा फरक विचारा. तरुण वाचक यावर काय म्हणतात, ते मला जाणून घ्यायचे आहे.

न्यू जर्सीहून एक वाचक : २०१५ मध्ये बाजीराव-मस्तानीवरचा चित्रपट पाहिला आणि त्यानंतर ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ वाचली. डिसेंबरात दोन दिवस पुण्यात आहे. काय पाहू?

आधी मनातला आरसेमहाल उतरवून ठेवा. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. आज तट, दरवाजे, जोती आणि कारंजी उरली आहेत. मस्तानीच्या नावाचा दरवाजा तिथे आहे. तिच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेले आहेत, ते अवश्य पाहा. तिच्याविषयी खात्रीचे लेखी पुरावे फार थोडे आहेत. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला वारले, तीही लवकरच गेली, पाबळला तिची कबर आहे आणि तिचा मुलगा समशेरबहाद्दर पुढे पानिपतच्या युद्धात कामी आला. उरलेले बरेचसे इनामदारांच्या प्रतिभेचे आहे.

वेळ उरला तर वाड्यापासून चालत बुधवार पेठेत या. पेठांना वारांची नावे पुढे मिळाली, त्याआधी शनिवार पेठ मुर्तुजाबाद होती आणि रविवार पेठ मलकापूर. दगडूशेठ गणपतीच्या देवळासमोर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती तिथे. मोडकळीस आलेली जुनी इमारत स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. ‘राऊ’मधला वाडा आणि ही शाळा यांच्यात जेमतेम दहा मिनिटांचे चालणे आणि शंभरहून अधिक वर्षांचे अंतर आहे. देवळापुढच्या गर्दीला पाठ करून दोन मिनिटे तिथे थांबा.

कोल्हापूरच्या एक निवृत्त बँक कर्मचारी विचारतात : माझे वय एकसष्ट आहे. मूळ कागद वाचण्यासाठी मोडी लिपी शिकावी, असे मनात आहे. या वयात जमेल का?

जमेल. बँकेत अनेकांच्या सह्या ओळखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तर नक्कीच जमेल, कारण मोडी वाचणे म्हणजे मुख्यतः एकेका कारकुनाचे वळण ओळखणे आहे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवत नेतात. शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते. बाराखडी दोन-तीन आठवड्यांत हाताला बसते, छापलेली मोडी दोन महिन्यांत वाचता येते, हस्तलिखिताला मात्र दम लागतो. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे आणि पेशवे दप्तर सांभाळणारे पुराभिलेखागार आहे. कोल्हापुरातही पुराभिलेखागाराचे कार्यालय आहे, तिथे आधी चौकशी करा.

तारखांना घाबरू नका. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असे वाचले की प्रथम छाती दडपते. पण ते चार, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७४ हे शुहूर सन, म्हणजे त्या कागदांतल्या कालगणनेतले वर्ष आहे. वर्षाच्या पूर्वार्धाला ५९९ आणि उत्तरार्धाला, म्हणजे जानेवारीनंतर, ६०० मिळवले की इसवी सन हाती येतो. नारायणरावांचा खून याच ११७४ मधला, भाद्रपदातला.

मी मोडी शिकत होतो तेव्हा बाराखडी संपल्याच्या रात्री एका कागदावर रेघ ओढून पहिल्यांदा ‘धरावे’ लिहिले आणि त्याच्याखाली ‘मारावे’. देवनागरीत ते इतके सोपे वाटते, म्हणून हातानेच करून पाहायचे होते. अक्षर बदलूनही काम भागत नाही, त्याला काना जोडावा लागतो, आणि तो काना बसवायला पुढच्या ‘रा’च्या आधी जागा लागते. वरच्या शब्दात मी ती सोडलेली नव्हती. तो कागद अजून माझ्या रियासतीच्या खंडात, १७७३ च्या पानापाशी आहे.